डुप्लिकेट ब्रेक नको, मग डुप्लिकेट गेम कसा चालतो?

दिल्ली-जयपूर महामार्गावरील मानेसर हे गाड्यांचे गाव. मारुती सुझुकी आणि होंडाच्या दुचाकींचे मोठे कारखाने इथे आहेत आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे लहानमोठे उद्योग आजूबाजूला पसरले आहेत. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडून नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबेही इथल्या सोसायट्यांतून राहतात. अशाच एखाद्या घरातली ही रविवारची दुपार.

नववीतला मुलगा संगणकासमोर बसला आहे. मित्राने दिलेल्या पेन ड्राइव्हमधून तो एक नवा गेम संगणकावर चढवतो आहे. गेमची बाजारातली किंमत चार हजारांच्या घरात. मित्राकडून मात्र तो फुकट मिळाला आहे. मध्येच पडद्यावर सूचना येते, 'अँटिव्हायरस बंद करा.'

आई घाबरून म्हणते, ''अहो, याच संगणकावरून मी बँकेचे व्यवहार करते. तो काय बंद करतोय ते जरा बघा ना!''

वडील वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणतात, ''अगं, सगळीच मुलं असंच करतात. चार हजार रुपये काय खेळण्यासाठी द्यायचे?''

यावर मुलगा सहज बोलून जातो, ''बाबा, मग गाडीचे ब्रेक पॅड तुम्ही ओरिजिनलच का घेता? बाजारात डुप्लिकेट अर्ध्या किमतीत मिळतात की!''

वडील एका सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतात. हुबेहूब नकली खोक्यात भरलेला डुप्लिकेट माल आपल्या कारखान्याचे किती नुकसान करतो, हे ते घरी नेहमी सांगत असतात. त्यामुळे मुलाच्या प्रश्नावर त्यांना चटकन उत्तर सुचत नाही.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. व्हिडिओ गेमची चोरी, म्हणजेच पायरसी, ही गेल्या चाळीस वर्षांत आपल्या घराघरांत इतकी रुळली आहे, की ती चोरी आहे असे कुणाला वाटतच नाही.

कॅसेटपासून सुरुवात

ज्यांचे बालपण १९९० च्या दशकात गेले, त्यांना टीव्हीला जोडायचा तो लहानसा खोका आठवत असेल. त्यात पिवळ्या किंवा काळ्या रंगाची 'कॅसेट' खोचायची आणि मारिओ, काँट्रा खेळत बसायचे. कॅसेटवर कधी '६४ गेम', तर कधी थेट '९,९९,९९९ गेम' असे छापलेले असे. प्रत्यक्षात तेच पाच-दहा खेळ नावे बदलून पुन:पुन्हा येत.

फार थोड्यांना ठाऊक होते, की यातले बहुतेक खोके आणि कॅसेटी नकली होत्या. मूळ यंत्र जपानच्या निन्टेंडो कंपनीचे. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या 'फॅमिकॉम' या यंत्रात चोरी रोखणारे कुलूपच नव्हते. त्यामुळे त्याच्या नकला आशियाभर तयार झाल्या आणि आपल्या बाजारातही आल्या. गंमत अशी, की भारतातल्या एका संपूर्ण पिढीची व्हिडिओ गेमशी ओळख या नकली मालानेच करून दिली.

पुढे सीडीचा जमाना आला. दिल्लीत नेहरू प्लेस आणि पालिका बाजार, मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केट ही ठिकाणे प्रसिद्ध झाली. सोनीच्या प्लेस्टेशन २ ची मूळ डिस्क हजार-दीड हजारांना, तर चोरटी शंभर-दीडशेला. विक्रेता यंत्र उघडून त्यात एक चिप बसवून देई, म्हणजे चोरट्या डिस्क बिनबोभाट चालत. पुढे अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींच्या कार्यालयाने जगभरातल्या कुप्रसिद्ध बाजारांची यादी काढली, तेव्हा त्यात नेहरू प्लेसचेही नाव आले.

आज डिस्कचा बाजार ओसरला आहे. चोरी मात्र थांबलेली नाही. ती आता इंटरनेटवरून थेट घरात येते.

कुलपे आणि किल्ल्या

गेम बनवणाऱ्या कंपन्या या काळात स्वस्थ बसल्या नव्हत्या. त्यांनी एकामागून एक कुलपे बनवली आणि चोरांनी त्यांच्या किल्ल्या शोधल्या.

सुरुवातीचे उपाय अगदी साधे होते. फ्लॉपीवरचा गेम सुरू झाला, की तो विचारी, 'सोबतच्या पुस्तिकेतल्या अमुक पानावरचा अमुक शब्द सांगा.' ज्याच्याकडे पुस्तिका नाही, त्याचा खेळ तिथेच थांबे. काही गेमसोबत पुठ्ठ्याची फिरती चकती मिळे. ती फिरवून सांकेतिक आकडा काढावा लागे. मग झेरॉक्सची दुकाने निघाली आणि पुस्तिकेचा उपाय निकामी झाला.

निन्टेंडोने १९८५ साली अमेरिकेत आपले यंत्र विकायला काढले, तेव्हा आधीची चूक सुधारली. यंत्रात एक चिप आणि प्रत्येक कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप. दोघींचे बोलणे जुळले तरच गेम सुरू होई.

सोनीने १९९४ साली पहिले प्लेस्टेशन आणले, तेव्हा डिस्कच्या आतल्या भागातली रेघ मुद्दाम थोडी डुलती ठेवली. त्या डुलण्यात एक खूण दडलेली असे. घरातला सीडी रायटर डिस्कवरची सारी माहिती उतरवून घेई, पण ही डुलती रेघ त्याला उतरवता येत नसे. चोरांनी यावर तोडगा काढला, तो म्हणजे तीच खूण खोटी खोटी पुरवणारी चिप यंत्रात बसवायची.

सेगा या जपानी कंपनीची कथा अधिक दु:खद आहे. १९९८ साली आलेल्या तिच्या ड्रीमकास्ट यंत्रासाठी साध्या सीडीपेक्षा जास्त मजकूर मावणारी खास डिस्क बनवली होती. पण यंत्रातल्या एका दुसऱ्याच सोयीचा फायदा घेऊन २००० साली साध्या सीडीवरून गेम चालवण्याची युक्ती सापडली. चिपसुद्धा बसवायची गरज उरली नाही. २००१ साली ड्रीमकास्टचे उत्पादन थांबले. त्याला प्लेस्टेशन २ ची स्पर्धा आणि आधीचे नुकसान ही कारणेही होती. पण आधीच डगमगणाऱ्या घराला या चोरीने आणखी एक धक्का दिला, हे नक्की.

चोराला चोरीची चव

काही गेमकारांनी कुलपाऐवजी विनोदाचा आधार घेतला. २००९ च्या बॅटमॅनवरील एका गेमच्या चोरट्या प्रतीत बॅटमॅनला पंख पसरून तरंगताच येत नसे. २०११ च्या एका गेममध्ये चोरी करणाऱ्याच्या मागे कधीच न मरणारा एक राक्षसी विंचू लागे.

सर्वांत बोलका प्रयोग २०१३ साली ग्रीनहार्ट गेम्स या दोन भावांच्या छोट्या कंपनीने केला. त्यांच्या गेमचे नाव 'गेम डेव्ह टायकून'. यात खेळणाऱ्याने स्वत:ची गेम कंपनी चालवायची असते. विक्री सुरू करताच या भावांनी गेमची एक प्रत स्वत:च चोरट्या मार्गाने इंटरनेटवर सोडून दिली. तिच्यात फक्त एक बदल होता. थोडा वेळ खेळल्यावर संदेश येई, की लोक तुमचे गेम विकत न घेता चोरून खेळत आहेत. मग हळूहळू खेळणाऱ्याची कंपनी दिवाळखोरीत जाई.

पहिल्याच दिवसाचे आकडे डोळे उघडणारे होते. २१४ जणांनी गेम विकत घेऊन खेळला, तर ३,१०४ जणांनी चोरटी प्रत वापरली. म्हणजे शंभरातले त्र्याण्णवहून अधिक चोर. त्यावर कडी म्हणजे यातल्याच काहींनी इंटरनेटवर तक्रार केली, की आमच्या कंपनीचे पायरसीमुळे दिवाळे निघते, यावर काही उपाय आहे का?

अर्थात चोरटी प्रत वापरणारा प्रत्येक जण तो गेम विकत घेणारच होता, असे नाही. त्यामुळे जितक्या चोरट्या प्रती, तितकी विक्री बुडाली, हा कंपन्यांचा हिशेबही पुरता खरा नाही. परंतु दोन माणसांच्या कंपनीत दहातला एखादा जरी प्रामाणिक झाला, तरी महिन्याचा खर्च निघू शकतो.

प्रामाणिक ग्राहकाची कोंडी

चोरी थांबवण्याच्या नादात काही मोठ्या कंपन्यांनी प्रामाणिक ग्राहकालाच वेठीला धरले, हेही सांगायला हवे. २००८ च्या 'स्पोर' या गेममध्ये संगणकावर गेम ठरावीक तीनच वेळा ॲक्टिव्हेट करण्याची मुभा होती. विकत घेणारे संतापले आणि त्या वर्षी सर्वाधिक चोरल्या गेलेल्या गेममध्ये त्याचीच गणना झाली.

२०१० साली युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने सतत इंटरनेट चालू असेल तरच खेळता येईल, अशी अट घातली. थोड्याच दिवसांत तिच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे मोजलेले लोक गेमकडे नुसते बघत बसले. म्हणजे कुलूप चोरासाठी लावले आणि घरमालकच बाहेर अडकला.

२०१४ पासून ऑस्ट्रियातल्या डेनुवो नावाच्या संरक्षण यंत्रणेचा बोलबाला आहे. ती फोडायला वेळ लागतो. नव्या गेमची बरीचशी कमाई पहिल्या काही आठवड्यांत होत असल्याने तेवढा वेळ मिळाला, तरी कंपन्या खूश असतात. पण तिच्यामुळे गेम मंद चालतो, अशी ग्राहकांची तक्रार असते.

वॉर्सातला धडा

मग खरा उपाय कोणता? याचे एक उत्तर पोलंडमध्ये सापडते. १९९० च्या दशकात पोलंडची राजधानी वॉर्सा इथला संगणक बाजार आपल्या नेहरू प्लेससारखाच होता. सगळीकडे चोरट्या सीडी. १९९४ साली दोन शाळासोबत्यांनी तिथे सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढून गेम रीतसर विकायला सुरुवात केली.

१९९९ साली 'बाल्डर्स गेट' हा गेम त्यांनी पोलिश भाषेत आणला. नामवंत पोलिश अभिनेत्यांचे आवाज घेतले, खोक्यात नकाशा व इतर वस्तू घातल्या. गेम पाच सीडींचा होता, त्यामुळे चोरट्या संचालाही बऱ्यापैकी पैसे पडत. रस्त्यावर मिळणाऱ्या मालापेक्षा आपला माल सरस हवा, एवढाच त्यांचा हिशेब होता. पहिल्याच दिवशी सुमारे १८ हजार प्रती गेल्या. पुढे याच कंपनीने 'विचर ३' हा गेम २०१५ साली आणला. तेव्हाच्या तिच्या स्वत:च्या ऑनलाइन दुकानात तो कोणतेही कुलूप न लावता मिळू लागला. त्याच्या एकूण पाच कोटींहून अधिक प्रती आजवर विकल्या गेल्या आहेत.

आपल्याकडेही हेच दिसून आले. २००९ साली सोनीने हैदराबादमध्ये तयार झालेला 'हनुमान: बॉय वॉरियर' हा गेम प्लेस्टेशन २ साठी ४९९ रुपयांना काढला. देशी विषय आणि परवडणारी किंमत, हे त्यामागचे सूत्र. अमेरिकन कंपनी व्हॉल्व्हच्या स्टीम या ऑनलाइन दुकानात नोव्हेंबर २०१५ पासून रुपयांत किमती आल्या. त्याआधी डॉलरमध्ये पैसे भरावे लागत आणि त्यासाठी तसे कार्ड लागे. रुपयांतल्या किमती आणि सणासुदीच्या सवलती यांमुळे कितीतरी जुने गेम एका पिझ्झाच्या किमतीत मिळू लागले. पूर्वी चोरटी सीडी आणणारी अनेक मुले आज नोकरीला लागल्यावर तेच गेम विकत घेतात.

पुण्यातल्या एका स्वप्नाची किंमत

'मोठ्या विदेशी कंपन्यांचे थोडे नुकसान झाले तर काय बिघडले?' असे अनेकांना वाटते. त्यांनी पुण्याकडे पाहावे.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने 'राजी' नावाचा गेम बनवायला घेतला. राजस्थानी महालांची पार्श्वभूमी, भारतीय चित्रशैली आणि असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली एक मुलगी. सर्कशीत वाढलेल्या या राजीच्या पाठीशी साक्षात दुर्गा असते. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. काम बंद पडायची वेळ आली, तेव्हा संस्थापकांपैकी एक असलेल्या श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकला. गेम २०२० साली बाजारात आला आणि जगातल्या मानाच्या 'द गेम अवॉर्ड्स' मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमच्या नामांकनापर्यंत पोहोचला.

अशा गेमची चोरटी प्रत उतरवणाऱ्याला वाटते, की आपण कुणा परक्या अब्जाधीशाचे चार पैसे बुडवले. प्रत्यक्षात तो कुणाच्या तरी विकलेल्या घरावर हात मारत असतो. आज पुण्यात युबिसॉफ्टसारख्या विदेशी कंपनीचा स्टुडिओ आहे आणि देशी कंपन्याही आहेत. चित्रकार, संगीतकार, लेखक, प्रोग्रॅमर अशी कितीतरी तरुण मुले तिथे काम करतात. आज घरात गेम खेळणाऱ्या मुलालाही उद्या हेच काम करावेसे वाटू शकते.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात १९८४ साली केलेल्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅमला कॉपीराइट कायद्याचे संरक्षण मिळाले. या कायद्याच्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून कॉपीराइटचा भंग करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे स्पष्ट केले.

विकणारा तेवढा गुन्हेगार आणि वापरणारा सुटला, असे मात्र नाही. कलम ६३ ब नुसार चोरटा प्रोग्रॅम जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यालाही किमान सात दिवस ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. पैसे कमावण्यासाठी वापर केला नसेल, तर न्यायालय कैदेऐवजी ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. २०१२ च्या दुरुस्तीने कुलूप फोडणे हाही गुन्हा ठरवला. मात्र रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची स्वत:साठी सुरक्षित प्रत काढून ठेवायला कायदा परवानगी देतो.

परदेशात शिक्षा कडक होत आहेत. निन्टेंडोच्या यंत्रांचे कुलूप फोडणारी साधने विकणाऱ्या टोळीतल्या एकाला अमेरिकेत २०२२ साली ४० महिन्यांची कैद झाली. कंपनीला देण्याची नुकसानभरपाई कोटी डॉलरच्या वर गेली.

फुकटचे महागात

खरे पाहता पोलीस दारात येतील, ही भीती फारशी खरी नाही. खरा धोका संगणकाच्या आत असतो.

चोरट्या गेमचे कुलूप फोडून देणारा इतके श्रम फुकट का करतो, असा प्रश्न फार थोडे पालक विचारतात. जून २०२१ मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने 'क्रॅकोनॉश' नावाच्या घातक प्रोग्रॅमची माहिती उघड केली. तो लोकप्रिय गेमच्या चोरट्या प्रतींमध्ये दडवलेला होता. आधी तो अँटिव्हायरस निकामी करी आणि मग मालकाच्या नकळत त्या संगणकाला आभासी चलन कमावण्याच्या कामाला जुंपी. जगभरातल्या २ लाख २२ हजारांहून अधिक संगणकांत तो शिरला होता. त्यात भारतातलेही होते. त्याच्या निर्मात्यांनी त्यातून २० लाख डॉलरहून अधिक कमाई केली. वीजबिल मात्र त्या त्या घराने भरले!

काही प्रोग्रॅम याहून वाईट असतात. ते पासवर्ड चोरतात, बँकेच्या व्यवहारांवर नजर ठेवतात. जिथे अँटिव्हायरस बंद करायची सूचना येते, तिथे सावध व्हायलाच हवे. चोराला आत घेण्यासाठी कुत्रा बांधून ठेवण्यासारखेच ते आहे.

पालकांनी काय करावे?

नुसते रागावून काही साधत नाही. मुलाचा हट्ट खरा असतो आणि नव्या गेमची किंमत चार-पाच हजार असते, हेही खरेच. पण मार्ग आहेत.

• नवा गेम आला की लगेच हवा, हा आग्रह सोडायला शिकवा. वर्षभरात त्याची किंमत बरीच उतरते आणि तोवर त्यातल्या चुकाही सुधारलेल्या असतात.

• महिन्याच्या खाऊच्या पैशांतून गेमसाठी वेगळी रक्कम साठवू द्या. स्वत: साठवून घेतलेल्या वस्तूची किंमत मुलांना अधिक कळते.

• एपिक गेम्ससारखी दुकाने नियमितपणे काही चांगले गेम अधिकृतपणे फुकट देतात. त्यांची माहिती मुलाबरोबर बसून घ्या.

• प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सच्या डिस्क असतील, तर मित्रांमध्ये अदलाबदल करा किंवा जुन्या डिस्क विकत घ्या. मूळ डिस्क एकाने दुसऱ्याला देण्यात काहीही गैर नाही.

• 'फुकट' मोबाइल गेममध्ये पुढे पैसे मागितले जातात. फोनमध्ये खरेदीला पासवर्ड लावून ठेवा. 'सगळे काही अनलॉक' असल्याचा दावा करणारी, अनोळखी जागेवरून आलेली ॲप फोनमध्ये चढवू देऊ नका.

• बँकेचे व्यवहार आणि मुलाचे गेम एकाच संगणकावर असतील, तर निदान दोघांची खाती वेगळी ठेवा.

सर्वांत महत्त्वाचे, मुलासमोर 'सगळेच करतात' हे वाक्य उच्चारू नका. आज गेमच्या बाबतीत ते चालवून घेतले, तर उद्या परीक्षेत कॉपी करताना तो तेच वाक्य तुम्हाला ऐकवेल.

मानेसरच्या त्या घरात काय झाले असेल? कदाचित वडिलांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले असेल. नकली ब्रेक पॅड हातात घेऊन ते कसे ओळखायचे, हे ते कारखान्यात नव्या मुलांना रोज शिकवतात. खोका हुबेहूब तोच, रंग तोच, नावही तेच. पण मागे कुणाची जबाबदारी नसते. बिघडले तर दाद कुणाकडे मागायची, हे कुणीच सांगू शकत नाही.

पेन ड्राइव्हमधल्या त्या गेमचेही असेच आहे. मुलाच्या प्रश्नाला वडिलांकडे उत्तर नव्हते असे नाही. ते त्यांना आधीपासूनच ठाऊक होते, फक्त कारखान्याच्या गेटबाहेर आणायचे राहून गेले होते.